पाडव्याला मिटवलेली फाईल

भाऊसाहेब कडू कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहायचे, आणि तेही थेट कीबोर्डावर. माझी त्यांची ओळख त्यातूनच झाली. बेलापूरला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. एका साखर कारखान्याच्या शेतकी ऑफिसातून फोन आला की बटणं दाबली जात नाहीत. जाऊन कीबोर्ड उलटा केला, तर टेबलावर चमचाभर कुंकू सांडलं. मी हसलो. ते हसले नाहीत.

"तुमी पान्या-पकडीला वाहता ना दसऱ्याला, मास्तर? मंग ह्यो आमचा पानाच हाय," असं म्हणून ते चहा सांगायला उठले.

आमच्याकडे कारकुनाला भाऊसाहेबच म्हणतात, पण यांना ते नाव शोभायचं. ऊसतोडीच्या टोळ्यांचं सगळं काम त्यांच्या टेबलावर. पाथर्डी-शेवगावकडून आलेल्या बाया-माणसांना ते आधी बसायला सांगत, मग काम विचारत. साहेब लोकांना मात्र उभ्या-उभ्याच कटवत. वडिलांचं पुणतांब्याला किराणा दुकान होतं. दिवाळीच्या पाडव्याला जुनी वही मिटवायची, नवीवर 'श्री' लिहायचं, हे त्यांच्या हाडात भिनलेलं. मेलचंही त्यांनी तेच केलं. दर पाडव्याला ते मेलच्या प्रोग्रॅममध्ये नवी फाईल उघडत, तिला 'श्री' नाव देत आणि जुनी बंद करत. मी एकदा म्हणालो, "अहो, मेलला कसला आलाय पाडवा?" तर म्हणाले, "जुनं उघडं ठिवलं की नव्याला बरकत न्हाई."

तरी त्यात कधी अडलं नाही, कारण ते प्रत्येक मेल छापून घ्यायचे. मग नवं मशीन आलं. मी त्यात शोधायची सोय बसवून दिली. एक शब्द टाकला की सगळ्या मेलांतून तो शब्द हजर. भाऊसाहेब त्याच्यावर इतके खूश झाले की छापणं सोडून दिलं. ज्याला-त्याला सांगायचे, "आता डोळं फोडायची गरज न्हाई. ह्याला इचारायचं. ह्यो न्हाई म्हनला, म्हंजे न्हाई."

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर हिराबाईचा नवरा हरवला. अशोक त्याचं नाव. नवरा-बायको दोघं बैलगाडीच्या टोळीत. एका बैलाला जोडीचा दुसरा बघायला तो घोडेगावच्या बैलबाजारात गेला आणि परत आलाच नाही. मोबाईल बंद. पोलिसात तक्रार झाली, मुकादम दोन-चार ठिकाणी फिरून आला आणि मग तोडणी सुरू झाली. हिराबाई मात्र उसाच्या फडातून सुटली की ऑफिसच्या दारात यायची.

"साहेब, दवाखान्यातून, पोलिसातून काय आलं का?"

भाऊसाहेब हातातलं काम सोडून अशोकचं नाव टाकायचे, थांबायचे आणि म्हणायचे, "न्हाई ताई. काय आलं की मी सवताच निरोप धाडतो." एकदाही तिच्यावर खेकसले नाहीत. ती पदरानं तोंड पुसून निघून जायची.

थंडी पडल्यावर मला त्यांचा फोन आला, पण दुसऱ्याच कामासाठी. "गेल्या हंगामातला एकबी मेल सापडंना. तुमच्या शोध्याला काय झालं, बघून जा." मी गेलो. आधी नेहमीचं सगळं केलं. शोधणारा प्रोग्रॅम चालू आहे का, त्याच्या यादीत मेलवर खूण आहे का, ते पाहिलं. इंडेक्स, म्हणजे त्याची शब्दांची सूची, पुसून नव्यानं करायला लावला. सगळं ठीक, आणि तरी जुनं काही सापडेना. शेवटी मेलचा प्रोग्रॅम उघडला, तर डाव्या बाजूला एकच फाईल. श्री.

"भाऊसाहेब, जुन्या फायली कुठायत?"

"त्या पाडव्याला मिटवल्या की."

"मग हा त्यांत बघणार कसा? हा फक्त उघड्या फायलीत बघतो."

मी हे जरा हसतच बोललो. त्यांचा चेहरा मात्र उतरला. माझ्या लक्षात यायच्या आधी त्यांच्या लक्षात आलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत साचलेले मेल पाडव्याच्या सकाळी मशीन लावल्याबरोबर जुन्या फायलीत उतरले होते. दिवाळीतले मेल म्हणजे शुभेच्छा, म्हणून ते न वाचताच त्यांनी पूजा केली आणि फाईल मिटवली.

मी ती उघडून दिली आणि म्हणालो, "थांबा, आता इंडेक्स होईल." ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या तुमचा इंडेक्स." आणि एकेक मेल वाचायला लागले. खतवाल्यांच्या पणत्या, बँकेची लक्ष्मी, व्यापाऱ्यांचे आकाशकंदील. त्यांच्या मधोमध दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्याचा मेल होता. हायवेवर वाहनानं उडवलेला अनोळखी इसम, बोलू शकत नाही, जवळ आपल्या कारखान्याचं नाव छापलेली पिशवी मिळाली, ओळख पटवून तातडीनं कळवावं. खाली फोटो, अशोकचाच.

भाऊसाहेबांनी तिथूनच फोन लावला. तो माणूस केव्हाच वारला होता. कुणी आलं नाही म्हणून पालिकेनं बेवारस समजून माती दिली होती.

शेतकी अधिकारी केबिनमधून बाहेर आले. सगळं ऐकून म्हणाले, "मशीन बिघडलं होतं असं सांगा तिला. कॉम्प्युटरवाला इथंच आहे." मलाही ते बरं वाटलं. मी भाऊसाहेबांना म्हणालो, "तसंही त्या मेलमध्ये अशोकचं नाव नव्हतंच. फाईल उघडी असती तरी नाव टाकून सापडला नसता."

"वाचला असता तर सापडला असता," ते म्हणाले.

त्या दिवशी हिराबाई आली तेव्हा ते उभे राहिले. तिला स्वतःची खुर्ची दिली आणि काहीही न लपवता सांगितलं. "मेल आला हुता, ताई. हितंच पडला हुता. मी वाचला न्हाई. मशीन बिघडलं नव्हतं." तिनं फोटो मागितला. बराच वेळ पाहिला.

"डोळं उघडं हायेत," ती म्हणाली. "ह्यात त्यो जिता हाय."

"व्हय. तवा जिता हुता."

"मंग तुमी मला रोज न्हाई न्हाई का म्हनत हुता?"

मी आयुष्यात पुष्कळ रडारड पाहिली आहे, पण इतक्या साध्या आवाजात विचारलेला तो प्रश्न मला अजून सहन होत नाही. दुसऱ्या दिवशी रजा टाकून भाऊसाहेब तिला घेऊन एस्टीनं त्या गावी गेले.

त्यानंतर ते कारखान्यात फार दिवस राहिले नाहीत. निवृत्तीच्या आधीच नोकरी सोडून पुणतांब्याला गेले आणि तिथंच गेल्या उन्हाळ्यात वारले. आजारपणात मी भेटायला गेलो होतो, तेव्हा त्या प्रवासाचं विचारलं.

"माती दिल्याली जागा कुनालाच सांगता येईना," ते म्हणाले. "तिथला मानूस हात करून म्हनला, हिकडं कुटंतरी. तिनं सगळ्या रानालाच डोकं टेकवलं. येताना गाडीत तिनं फडक्यातनं भाकर काढली, निम्मी मोडून माज्या हातावर ठिवली. म्हनली, सकाळपासनं उपाशी हायेत तुमी, खा. मला गिळंना, मास्तर. अजून गिळंना."