भाच्याकडून घेतलेली गाडी

दार्खानमध्ये नामसरायला ओळखत नाही असा माणूस सापडणं कठीण, कारण अर्ध्या शहराच्या घरांत वर्षानुवर्षं जी ऊब पोचली ती त्याच्या बॉयलरमधून. कोळसा टाकायचा, राख ओढायची आणि थंडीत पाइप फुटला की साऱ्या गावाच्या शिव्या खायच्या. निवृत्त झाला तेव्हा त्याला एक घड्याळ मिळालं आणि एक खोकला. घड्याळ कधीच बंद पडलं, खोकला अजून चालू आहे.

घरी बसून तो बायकोच्या, दुलमाच्या पातेल्यांत डोकावायला लागला. खाऱ्या चहात मीठ कमी पडलं, भांडं नीट झाकलं नाही, असलं काहीबाही. शेवटी ती म्हणाली, "म्हाताऱ्या, माझ्या स्वयंपाकात लुडबूड करण्यापेक्षा बाहेर काहीतरी उद्योग बघ." उद्योग डोळ्यांसमोरच होता. राजधानीला जाणारी माणसं रोज सकाळी अड्ड्यावर कुडकुडत उभी असतात. गाडी असली की चौघांना बसवून न्यायचं आणि संध्याकाळी दुसऱ्या चौघांना घेऊन परतायचं. आणि गाडी घ्यायची म्हटल्यावर ती कुणाकडून, हा प्रश्नच नव्हता. भाचा ओचिर राजधानीच्या गाडीबाजारात जपानहून आलेल्या जुन्या गाड्या विकत होता.

नामसरायला मूलबाळ नाही. बहीण वारली तेव्हा ओचिर सहा वर्षांचा होता, तो मामाकडे आला आणि मामाचाच झाला. जावळ काढताना मामानं भाच्याला शिंगरू द्यायचं अशी आमची रीत. बॉयलरवाल्या मामाकडे शिंगरू कुठलं? मग मामाच घोडा झाला आणि थंडीभर त्याला पाठुंगळी घेऊन शाळेत सोडत राहिला. भाच्यावर आवाज चढवायचा नाही, त्याला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही, हे आमच्याकडे देवधर्मासारखं पाळतात. नामसराय जरा जास्तच पाळायचा. त्याला नाव चालवणारं दुसरं होतं कोण?

ओचिरनं एक राखाडी गाडी दाखवली, पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी. आकडा होता चौऱ्याण्णव हजार किलोमीटरचा. "मामा, एका जपानी म्हातारीची होती. बाजारहाटापुरती बाहेर काढायची बिचारी." नामसरायनं कागद बघायला मागितले नाहीत. बहिणीच्या मुलाकडे कागद मागायचे म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकण्यासारखंच की. त्यानं आरशाला शकुनाची निळी रेशमी पट्टी बांधली आणि गाडी घरी आणली. दुलमानं चारही चाकांवर दूध शिंपडलं, वाटेतली संकटं टळू देत म्हणून पुटपुटली. एकदा दूध पडलं की ती वस्तू घरची झाली. ती परत करणं म्हणजे दारात आलेलं सुख हाकलून देणं.

उन्हाळा बरा गेला. गवत पिवळं पडायला लागलं तशी गाडी चढावर धापा टाकायला लागली. समोरच्या काचेखाली एक लाल त्रिकोण पेटायचा आणि मनाला येईल तेव्हा विझायचा. मागे बसलेला एक जाडा व्यापारी म्हणाला, "काका, मी उतरून ढकलू का? व्यायाम तरी होईल." सगळे हसले. नामसरायही हसला, पण दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन योंदोनकडे गेला. योंदोन त्याचा बॉयलरवरचा जुना सोबती, आता गाड्या दुरुस्त करायचा.

योंदोननं आधी ब्रेकचं पायडल बघितलं. रबर झिजून गुळगुळीत झालं होतं. मग बसायची गादी दाबून बघितली. मग बॉनेट उघडून बराच वेळ आत मान घालून राहिला.

"लेका नामसराय, ती जपानी म्हातारी दणकट होती हां तुझी."

"का रे?"

"ये, बघ." आतल्या बाजूला पत्र्यावर एक काळवंडलेली चिठ्ठी चिकटवलेली होती, तेल बदलल्याची. अक्षरं जपानी होती, ती दोघांनाही येत नव्हती. आकडे मात्र कुणालाही वाचता येतील असे होते. दोन लाख एकतीस हजार. "दाराच्या कडेलाही एक होती, ती कुणीतरी नखानं खरवडून काढलीय. ही राहून गेली. ही टॅक्सी होती रे बाबा. बॅटरी मरायला टेकलीय."

"म्हणजे जपानातच कुणीतरी..."

"जपानात कशाला मरायला कुणी करेल? आकडा इथं मागे घेतात. कुणाकडून घेतलीस?"

योंदोनला उत्तर ठाऊक होतं. त्यानं बॉनेट हळूच बंद केलं आणि मजुरी घ्यायची टाळली. ते नामसरायला जास्त लागलं.

राजधानीपर्यंत जाताना तो मनात एकच जप करत होता, पोराला माहीत नसेल, पोरालाही कुणीतरी गंडवलं असेल. ओचिरनं तेवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. खोटं म्हटलं असतं तरी चाललं असतं. गाडीचं दुःख त्यानं गिळलं असतं. त्याला पोर हवं होतं.

ओचिरनं मामाला आपल्या पत्र्याच्या खोलीत बसवलं, खारा चहा दिला, सगळं ऐकून घेतलं. मग उठून दार लोटलं.

"मामा, तुमच्याशी खोटं नाही बोलणार. मीच घेतला मागे."

नामसरायनं चहाचा कप खाली ठेवला.

"इथं सगळेच घेतात. खरा आकडा ठेवला तर गाडीला कुणी हात लावत नाही. आणि तुम्ही दुसऱ्याकडे गेला असतात तर त्यानं याहून भंगार गळ्यात मारलं असतं. बाकीच्यांना मी पन्नास-साठ हजारांवर आणून देतो. तुमच्यासाठी कमीच मागे घेतला, चौऱ्याण्णववर थांबलो. घरचे म्हणून."

हे तो मनापासून सांगत होता, हीच तर पंचाईत होती. चोरी करताना डोळे चुकवतात, हा प्रेमानं बघत होता. "एवढं वाटत असेल तर आणून द्या परत," तो म्हणाला, "उद्या दुसऱ्या कुणाला देऊन टाकतो."

"दूध पडलंय तिच्यावर," नामसराय म्हणाला आणि उठला.

घरी त्यानं दुलमाला सांगितलं की बॅटरी थंडीनं गेली. बदलली, पुढं चालवली. काचेखालचा आकडा मात्र त्याला बघवत नसे. दुलमाला आपला माणूस कशानं झिजतोय ते कळत नव्हतं. ती आपली खोकल्याला हाडांचा रस्सा पाजत राहिली.

मग पांढरा महिना आला, आमचा नव्या वर्षाचा सण. पहिल्या दिवशी धाकट्यांनी थोरांच्या घरी जायचं, त्यांच्या कोपरांखाली हात धरून सुखरूप आहात ना विचारायचं, थोरांनी गाल हुंगून आशीर्वाद द्यायचा. त्या दिवशी घरात वाकडा शब्द काढत नाहीत. पहिल्या दिवशी जे बोलाल ते वर्षभर पाठ सोडत नाही.

ओचिर बायकोला, उयांगाला घेऊन आला. "सुखरूप आहात ना मामा?" नामसरायनं त्याचा गाल हुंगला. पोराच्या अंगाचा वास अजून तोच होता. दुलमानं वाफाळत्या बूझचं, मांस भरून उकडलेल्या मोदकांचं ताट मांडलं. दुलमाच्या बहिणीची मुलगी जार्गलही आली होती. ती दवाखान्यात परिचारिका, नवरा लांब खाणीवर, पदरात दोन लहान मुलं. महिन्यातून एकदा मुलांना घेऊन उघड्या माळावरून त्याच्याकडे जायची.

"ओचिरदादा, मला पण एक गाडी बघ ना. काकांसारखी."

"आहे की. साठ हजारसुद्धा झाली नाही. एका शिक्षकाची होती."

"आपल्या माणसाकडची बरी," दुलमा म्हणाली. "कुणा परक्याचा काय भरवसा?"

"मामांनाच विचार ना," ओचिर हसत म्हणाला, "कशी चालते ते."

सगळ्यांनी नामसरायकडे बघितलं. ओचिरही बघत होता, लहानपणी चुकीचं गणित दाखवताना बघायचा तसा, मामा आपल्याच बाजूनं बोलणार या खात्रीनं. 'चांगली चालते' एवढंच म्हणायचं होतं. पोर जवळ राहिलं असतं, सण गोड झाला असता. नामसरायला बूझमधला रस चोखत बसलेल्या त्या दोन मुलांचे लाल गाल दिसत होते. हाडं गोठवणाऱ्या थंडीत माळावर गाडी बंद पडली तर काय होतं, हे जन्मभर लोकांना ऊब पुरवणाऱ्याला कुणी सांगायला नको.

"जार्गल, ती घेऊ नकोस," तो म्हणाला. "यानं माझ्या गाडीचा आकडा मागे फिरवला होता. तिचाही फिरवला असेल."

दुलमाच्या हातातला डाव तसाच राहिला. उयांगानं मान खाली घातली. ओचिर पांढराफटक पडला. त्यानं चहाची वाटी खाली ठेवली, टोपी उचलली.

"मी तुम्हाला खरं सांगितलं होतं मामा," तो दारातून म्हणाला. "तुम्हाला एकट्याला."

तो गेला. जार्गलनं गाडी घेतली नाही. दुलमा नवऱ्याशी कित्येक दिवस बोलली नाही. बोलली तेव्हा एवढंच म्हणाली, "पहिला दिवस तरी टळू द्यायचा होतास." नामसराय सण संपेपर्यंत थांबला असता तर त्याच्या तोंडून शब्द फुटला नसता, हे त्याचं त्यालाच ठाऊक होतं.

पुढच्या वर्षी पांढऱ्या महिन्याच्या पहिल्या दिवशी नामसराय नवा अंगरखा घालून, पट्टा आवळून बसून राहिला. शेजारपाजारचे येऊन गेले. दुसऱ्या दिवशीही बसला. थोरानं धाकट्याच्या दारी आधी जायचं नसतं, आमच्याकडे असं कुणी करत नाही. तिसऱ्या दिवशी तो दुलमाला म्हणाला, "चल." तिनं कुठं म्हणून विचारलं नाही, बूझचा डबा बांधला.

दार उयांगानं उघडलं. तिनं दोघांच्या कोपरांखाली हात धरले, पण आत या म्हणाली नाही. "ते बाजारात गेलेत," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. नामसरायनं भाच्यासाठी आणलेला शर्ट आणि बूझचा डबा तिच्या हातात दिला.

दार लागलं. दोघं दोन पायऱ्या उतरले असतील, तेवढ्यात आतून किल्ली फिरली. मग थांबून पुन्हा एकदा फिरली, नीट लागलंय ना ते बघायला. ओचिर लहानपणापासून तसंच करायचा. आई गेल्यावर मामाकडे आला, तेव्हापासून.

दुलमा कठड्याला धरून उभी राहिली.

"घरी नव्हता," ती म्हणाली.

"नव्हता," नामसराय म्हणाला.