‘इतर’ या रकान्यात

बँका वर्ण बघून धंद्याला कर्ज देतात का, हा माझ्या पीएचडीचा विषय. त्यासाठी लंडनजवळच्या स्लाऊमधल्या एका बेकरीत शिरले. फरशी पुसणाऱ्या देशी काकांना वळसा घालून काउंटरवरच्या गोऱ्याला मालक समजून प्रश्नावलीचा फॉर्म दिला. त्याने तो काकांकडे सरकवला. मालक ते होते!

"अगं बाई!" माझ्या तोंडून निघालं.

"मराठी होय? बस की."

मॉप भिंतीला टेकवून, कपाळावरचा चष्मा नाकावर आणून काकांनी सावकाश वाचलं. ‘तुम्हाला नोकर कोणी समजलं?’ या प्रश्नावर बोट थांबलं.

"पर्यायांत बँक आहे, कौन्सिल आहे. तुझं नाव कुठे लिहू?"

मी ‘इतर’चा रकाना दाखवला.

संशोधनाच्या नियमाप्रमाणे त्यांचं नाव गुप्त आहे. माझं मात्र त्यांनी स्पेलिंग विचारून लिहिलं.