फटफटी ढकलत आणणारे दोघे

त्या फटफटीची हकीकत आठवली की आजही मी हातातले काम बाजूला ठेवतो. नोकरीतली बरीच प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणता दरोडा कोणत्या ठाण्यातला, हे सांगताना चुकतो. हे एक प्रकरण मात्र वेगळे राहिले आहे.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत आणि गडचिरोली त्याच जिल्ह्यात होते. एटापल्लीच्या जंगलाअलीकडे, जिथे पक्का रस्ता संपत असे, त्या गावी मी ठाणेदार होतो. महाशिवरात्र तोंडावर आली होती. मार्कंड्याच्या जत्रेच्या बंदोबस्तावर निम्मे शिपाई गेलेले. ठाण्यात मी, एक जुने हवालदार आणि मोजके शिपाई उरलो होतो.

अशात देवीची लस टोचणाऱ्या कर्मचाऱ्याची बायको ठाण्यात आली. नवरा आतल्या गावांकडे गेला होता आणि ठरल्या दिवशी परतला नव्हता.

"साहेब, त्यायले कधी इतका उशीर होत नाई," ती म्हणाली. "फटफटी बिघडली तं ढकलत आणतात, पण येतात."

त्या माणसाला आणि त्याच्या फटफटीला सारा मुलूख ओळखत होता. लष्कराच्या मोडीतून घेतलेली जुनी मोटरसायकल. नव्या सामानाची ऐपत नव्हती, म्हणून नवरा-बायकोने तिचा सगळा साज घरीच केला होता. रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून दिव्यावर टोपी बसवली होती आणि खिळ्याने ठोकून तिच्यावर वेलबुट्टी काढली होती. हातमुठींवर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलेली. पडझडीत पाय वाचावेत म्हणून दोन्ही बाजूंना भरीव बांबूच्या आडव्या काठ्या, नट-बोल्टांनी आवळलेल्या. चिखल उडू नये म्हणून मागे टायरचा तुकडा लोंबत असे, त्यावर पिवळ्या रंगाने कमळ रंगवलेले. न्हाव्याकडचा एक लहान आरसा. काटेसावरीचा कापूस भरून बायकोने शिवलेली गादी. पाण्यासाठी हँडलला अडकवलेली छागल. बाजाराच्या दिवशी ती फटफटी उभी असली की लोक भाजी घ्यायचे विसरून तिच्याभोवती गोळा होत.

मी हरवल्याची नोंद घेतली. मनात मात्र दुसरेच होते. आतल्या माडिया आदिवासींच्या गावांत सुईची मोठी भीती होती. लसवाला येताना दिसला की लोक मुलाबाळांना घेऊन रानात निघून जात. एका ठिकाणी त्याच्यावर कुऱ्हाड उगारली गेल्याची तक्रार आमच्याकडे आधीच आली होती. बाई गेल्यावर हवालदार हळूच म्हणाले, "साहेब, आता तो माणूस काई भेटत नाई."

दुसऱ्या दिवशी खबर आली. बांबूची बंडी घेऊन येणारा एक गाडीवान बैल सोडायच्या आधीच ठाण्यात शिरला.

"साहेब, टीकेवाल्याची फटफटी पाह्यली मी. दोन माडिये ढकलत आणून राह्यले."

"आणि टीकेवाला?"

"तो काई दिसला नाई. मी हाक देल्ली, तं त्यायनं नुसतं पाह्यलं अन् पुढं चालत राह्यले."

आम्ही लगेच निघालो. गावाबाहेरच्या नाल्यात, वाळूत चाक रुतलेले असताना, ते दोघे सापडले. एक पिकल्या केसांचा, दुसरा जवान. दोघांच्या खांद्यांवर घासून सालटी निघाली होती. आम्हाला पाहून पळाले नाहीत. उलट फटफटी सोडून बाजूला झाले.

फटफटी पाहून माझा संशय पक्का झाला. टाकीवर वाळलेले रक्त होते. दिव्याची टोपी नव्हती, गादी नव्हती, बांबू नव्हते, मुठींवरची ट्यूब, टायरचा तुकडा, आरसा, छागल, काही म्हणजे काही नव्हते. कोंबडीची पिसे काढावीत तशी ती सोललेली होती. पंचांसमक्ष पंचनामा केला. हँडलला पानांचा एक पुडा वेलीने बांधलेला होता; "आत किरकोळ लोखंडी सामान" असे लिहून तो मुद्देमालात घेतला.

चौकशी सुरू झाली आणि तिथेच अडली. त्या दोघांना मराठी येत नव्हती. आमच्या एका शिपायाला गोंडी येत होती ती बाजारापुरती, मीठ-मिरचीचा भाव करण्याएवढी. "मालक कुठे आहे?" असे त्याने विचारले की म्हातारा डोंगरांकडे हात करी आणि बरेच काही बोले. त्यातले "पडला" आणि "रक्त" एवढेच शिपायाला कळे.

"कबूलच करून राह्यला की, साहेब," हवालदार म्हणाले. "पाडला अन् मारला. एक दोन देल्ले तं जागाबी दाखवल."

मी नको म्हटले. दया आली म्हणून नव्हे. आरोपी घाबरला की खोटे बोलतो, किंवा गप्प बसतो. हा माणूस दोन्ही करत नव्हता. तो सारखा उठून दाराकडे जात होता आणि आम्ही मागोमाग येतो का ते पाहत होता. इतक्या वर्षांत मी पळून जाऊ पाहणारे खूप पाहिले होते. पोलिसांना सोबत नेऊ पाहणारा पहिलाच.

फटफटीची ओळख पटवायला बाईला बोलावले. टाकीवरचे रक्त बघून ती फटफटीपाशीच खाली बसली. शिपायाने पाणी दिले. मी एकेक वस्तू तिच्यापुढे ठेवत गेलो. पानांचा पुडा उघडला तेव्हा आत तारेचे एक कडे निघाले. त्यात नट, वायसर, बोल्ट ओवलेले होते, लहानापासून मोठ्यापर्यंत क्रमाने.

बाईने ते हातात घेतले आणि ती उठून उभी राहिली.

"साहेब, हे त्यायनं ओवलं. कोणताबी नट काढला का ते असेच तारेत ओवतात, घरी माह्यावर खेकसतात यासाठी. बांबू त्यायनंच काढू देल्ले. लुटून नेणारा नट कायले ओवते? नट ओवाले माणूस शुद्धीत लागते. ते जित्ते हायेत, साहेब!"

त्या वेळचा तिचा चेहरा मी कधी विसरलो नाही. म्हातारा तिच्याकडे आणि तिच्या हातातल्या तारेकडे पाहत होता. काय ओळखायचे ते त्याने ओळखले असावे. त्याने हवालदारांच्या हातातली काठी सरळ काढून घेतली. हवालदार ओरडले, मी त्यांना थांबवले. म्हाताऱ्याने जवळ उभ्या शिपायाला खांदा धरून जमिनीवर बसवले, त्याचा पाय लांब केला, काठी पायाला लावली, आणि त्याच्याच पायाला गुंडाळलेली गणवेशाची पट्टी सोडून वरपासून खालपर्यंत काठीवर गुंडाळत नेली. मग त्याचे डोके अलगद मागे टेकवले आणि खाली हात घालून उशी दाखवली.

बांबू कुठे गेले, ट्यूब कुठे गेली, गादी कुठे गेली, सगळे आमच्या डोळ्यांसमोर होते.

मी रोजनामच्यात रवानगीची नोंद केली. दवाखान्याचे डॉक्टर, जंगल खात्याची जीप आणि वाटेत जंगल नाक्यावरून घेतलेला, उत्तम माडिया बोलणारा एक नाकेदार, असे आम्ही निघालो. बाईला थांब म्हटले. तिने ऐकले नाही. जीपची वाट संपली तिथे मुक्काम करून सकाळी पायी निघालो. ते दोघे पुढे. पळस फुलला होता. डोंगर चढून उतरायचा, नाला ओलांडायचा, पुन्हा चढायचे. दमलो की मी खाली बसे आणि त्या वाटेवर फटफटीच्या चाकाची रेघ दिसे. याच चढांवरून ती वर ढकललेली होती, याच उतारांवर मागून ओढून धरलेली होती.

गाव म्हणजे थोड्याशा झोपड्या. तो गायत्याच्या, म्हणजे गावप्रमुखाच्या, अंगणात छपराखाली पडलेला होता. जिवंत होता. उतारावर सांबर आडवे आल्याने तो फटफटीसकट कोरड्या नाल्यात गेला होता आणि नडगीचे हाड मोडले होते. पायाला दोन्ही बाजूंनी ते बांबू, त्यांवर ट्यूब घट्ट गुंडाळलेली. पाऊल कलंडू नये म्हणून तळव्याला टायरचा तुकडा बांधलेला, पिवळे कमळ बाहेरच्या बाजूला. डोक्याखाली गादी. दिव्याच्या टोपीत तांदळाची पेज. शुद्धीवर होता तोवर त्याने खुणेने सांगितले होते, आणि ताप चढून शुद्ध हरपल्यावर गावाने आपल्या मनाने केले होते. उशाशी एक म्हातारी आरसा घेऊन बसली होती. ती मधूनमधून तो त्याच्या नाकाशी धरी, काच धुरकटली की बाकीच्यांकडे बघून मान हलवी.

डॉक्टरांनी सगळे तपासले आणि पायाची बांधणी सोडलीच नाही. "चांद्याच्या दवाखान्यापर्यंत हीच राहू द्या," म्हणाले.

बायकोचा आवाज ऐकून त्याने डोळे उघडले. "नट आले का?" त्याने विचारले. ती हसली आणि मग रडत सुटली.

मी गावातून फिरलो. अंगणात उखळ पुरलेले होते, पण धान कांडण्याचा आवाज येत होता तो गावाच्या पार दुसऱ्या टोकाकडून. नाकेदाराने विचारून सांगितले, "साहेब, जमीन हादरली का त्याचा पाय दुखे, म्हणून बायांनी कांडणं तिकडं नेलं."

हे तेच गाव होते, जिथून तो एकालाही लस न टोचता परत निघाला होता. त्याला पाहून सगळे रानात गेले होते.

मी गायत्याला विचारले, "तुमचे दोघे नुसतेच धावत आले असते तर लवकर पोचले असते. एवढे ओझे ढकलत कशाला आणले?"

नाकेदाराने विचारले. इतके साधे मला कळू नये याचे गायत्याला नवल वाटलेले दिसले.

"तो म्हणते," नाकेदार म्हणाला, "फटफटी पाह्यली तं तुम्ही येसान. आमाले पाहून कोण आलं असतं?"

परत निघताना त्याच्या डोलीचा एक दांडा मी खांद्यावर घेतला.

त्याचा पाय वाचला, थोडा लंगडत राहिला. पुढच्या वर्षी तो पुन्हा त्या गावी गेला. काहींनी दंड पुढे केले, काही पूर्वीसारखेच रानात निघून गेले. मला त्याचे वाईट वाटले नाही. माणसाचा जीव वाचवायला त्याच्या सुईवर विश्वास असावा लागत नाही, हे त्या लोकांनी आधीच दाखवले होते.

पुढे अनेक ठाण्यांत काम केले. तपासाचे नियम शिकवणारे वरिष्ठ भेटले, त्यांचा उपयोगही झाला. पण प्रत्येक नव्या ठाण्यावर गेल्यावर पहिला हुकूम मी माझाच काढत असे: रानातून कोणी रिकाम्या हातांनी आला, तर त्याला बाकावर बसवायचे, पाणी द्यायचे आणि सगळ्यांच्या आधी त्याचे ऐकायचे. नवे शिपाई विचारत, हा कसला हुकूम? मी त्यांना सांगत असे, त्याने आधी किती डोंगर ओलांडलेत ते तुम्हाला दिसत नाही, म्हणून.