अंबाडीचा खड्डा

लग्न होऊन मी ज्या गावी आले, ते किन्हीराजापासून पायी जाण्यासारखं होतं. तेव्हा वाशीम हा जिल्हा नव्हता, अकोल्याचा एक तालुका होता. गावाला लागून एक नाला वाहायचा. वर टेकडीच्या पायथ्याशी हिंदू शेतकऱ्यांची वस्ती, तिथून तो निघायचा आणि खालच्या वळणावर आमच्या बौद्धांच्या वस्तीशी यायचा. आमच्याकडे आला की रुंद व्हायचा, आणि वळणात एक डोह होता. डोहाच्या कडेला वाळूत झिरे उकरून आम्ही प्यायचं पाणी भरायचो. वाटीनं थोडं थोडं उपसायचं आणि घागर भरेस्तोवर बोलत बसायचं. माझ्या माहेरी विहीर होती, त्यामुळे हे सगळं मला नवीन. पण थोड्याच दिवसांत त्या बसण्याची अशी चटक लागली, की घरात पाणी असलं तरी मी घागर घेऊन निघायची.

दिवाळी सरली की मात्र त्या पाण्याला वास सुटायचा. वरच्या वस्तीतले लोक अंबाडी कापून तिच्या पेंढ्या नाल्यात दगडाखाली दाबून ठेवत. पेंढ्या सडल्या की त्यांची साल सोलून वाख काढायचा आणि त्याचे दोर वळायचे. दोराशिवाय शेतकऱ्याचं चालत नाही, बैलाचा कासरा असो की विहिरीतून पाणी ओढायचा सोल. पण सडल्या अंबाडीचं काळं पाणी उतरून आमच्या डोहात यायचं. मासे उलटे होऊन तरंगायचे. लेकरांना जुलाब लागायचे, अंगाला खाज सुटायची. दर वर्षाचंच आहे म्हणून लोक गप्प बसत. पाणी वरून खालीच येणार, त्याला कोण काय करणार, असं म्हणत.

माझी सासू मात्र हे ऐकून घेत नसे. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण दीक्षा घेतल्यापासून ती कोणापुढे मान खाली घालून उभी राहिली नव्हती. त्या वर्षी माझ्या जावेचं लहान लेकरू फार आजारी पडलं, डोळे खोल गेले त्याचे. ते वाचलं. ते उठून बसल्यावर सासूनं वस्तीतल्या बायांना अंगणात बोलावलं.

"आपन खालचे म्हनून चूप राह्यतो. आपन खालचे नाई, आपन पुढचे आहो. पानी आपल्याकडे येऊन राह्यलं, तं बोलाले आपनच जाव लागन."

दुसऱ्या दिवशी आम्ही नाल्याच्या काठाकाठानं वर गेलो. मी पहिल्यांदाच त्या वाटेनं चालत होते.

वर एक बाई गुडघाभर पाण्यात उभी राहून वाख सोलत होती. माझ्याच वयाची. लुगडं वर खोचलेलं, हात कोपरापर्यंत काळे. काठावर तिची सासू बसली होती.

"बाई, हे पानी आमी पेतो," माझी सासू म्हणाली.

काठावरची म्हातारी भडकली. "मंग? नाला काय तुमच्या बापाचा हाये?"

"नाई. तुमच्याबी बापाचा नाई. म्हनून तं इचाराले आलो."

पाण्यातल्या बाईनं हातातली पेंढी खाली ठेवली आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. बहुधा मी तिच्या वयाची दिसले म्हणून.

"तुमच्याकडची लेकरं बिमार हायेत?"

"हाव," मी म्हटलं. "माह्या जावेचं लेकरू मरता मरता वाचलं."

"माह्याबी पोराच्या अंगावर फोडं आले," ती म्हणाली. "मी त्याले अथीच धूतो."

मग तिनं बाजूच्या बरड माळाकडं पाहिलं. म्हणाली, "बाजूच्या बरडावर खड्डा खनला तं? घागरीनं पानी नेऊन त्याच्यात भरू, अंबाडी तथी सडवू. घान पानी तथीच जिरन. पन मी एकटी कशी खनू?"

"एकटी काहून?" माझी सासू म्हणाली. "आमी आहो ना."

खड्डा खणायला आमच्या वस्तीतून बाया कुदळी, टोपल्या घेऊन गेल्या. वरून ती आली, आणि तिच्या मागून लाजत लाजत आणखी काही जणी आल्या. वर माती, खाली मुरूम. कुदळ ठणठण वाजायची. पहिल्या दिवशी त्या एका बाजूला खणत होत्या, आम्ही दुसऱ्या. खड्डा खोल होत गेला तसं एका बाजूची माती दुसऱ्या बाजूनं फेकणं सोयीचं झालं, आणि टोपली कोणाच्या हातातून कोणाच्या हातात जाते हे पाहायचं राहून गेलं. पुरुष आधी हसले. माझा नवरा म्हणाला, "आता बाया नाला चालवतीन वाट्टे." पण मोठे दगड हलेनात तेव्हा तेच पहारी घेऊन आले.

पुढच्या वर्षी डोहातले मासे मेले नाहीत.

मग ते काम खड्ड्यापुरतं राहिलं नाही. दर वर्षी अंबाडी कापायच्या आधी दोन्ही वस्त्यांतल्या बाया एक दिवस नाल्यावर जमू लागल्या. डोहातला गाळ काढायचा, टेकडीवरून माती वाहून आणणाऱ्या ओघळींत दगड रचायचे, काठाची माती धरून ठेवणारी निरगुडी कोणी मुळासकट उपटली तर त्याच्या घरी जाऊन भांडायचं. कोणी सभासद नव्हतं, कोणी अध्यक्ष नव्हतं. "उद्या नाल्यावर," एवढा निरोप फिरायचा.

ती मला खालची म्हणायची, मी तिला वरची. आधी चिडवायला, मग सवयीनं. दगड रचताना आम्ही दोघी एका ओघळीत असायचो. समोरच्याला वीट येईपर्यंत बोलायची तिला सवय होती. माहेरची म्हैस, नवऱ्याचं घोरणं, शेजारणीचं भांडण. ती बोलायची आणि मी हसायची. इतकी मी नंतर कधी हसले नाही.

एका दुपारी आम्ही झाडाखाली भाकरीची फडकी सोडून बसलो. तोवर वरच्या बाया वेगळ्या बसत, आम्ही वेगळ्या. ती आपली भाकरी हातात घेऊन उठली आणि माझ्याजवळ येऊन बसली.

"तुह्याकडं जवसाची चटनी हाये का?"

मी पुढं केली. तिनं भाकरीवर घेतली आणि खाल्ली. तिची सासू लांबून ओरडली, "काय करून राह्यली तू?"

"पोटात गेली आता," ती म्हणाली. "काढू कशी?"

नंतर म्हातारी तिच्याशी बरेच दिवस बोलली नाही. ती मला म्हणाली, "बरंच झालं बाप्पा, कानाले आराम."

मग पावसानं दगा दिला. नाला वरच्या अंगाला आटला, वरच्या वस्तीची विहीर कोरडी पडली. आमच्या डोहात मात्र पाणी टिकलं. गाळ काढला होता म्हणून टिकलं, असं आम्ही म्हणायचो. खरं काय ते आम्हाला कोण सांगणार? वरच्या बाया घागरी घेऊन खाली येऊ लागल्या. आमच्यातली काही तरणी पोरं म्हणाली, इतकी वर्षं आम्हाला घाण पाजली, आता यांना कायले द्यायचं? सासू झिऱ्यापाशी जाऊन बसली आणि आलेल्या प्रत्येकीला स्वतः वाटी देऊ लागली. पोरं मुकाट्यानं घरी गेली.

ते दिवस कठीण होते, खायचे हाल होते. तरी मला आठवतं ते तिचं रोज येणं. झिऱ्यात पाणी झिरपायला आता फार वेळ लागायचा, आणि आम्हा दोघींना तेवढंच पाहिजे होतं.

उन्हाळा लागायच्या आधी एक दिवस ती रिकाम्या हातानं आली.

"आमी खानदेशात चाललो," ती म्हणाली. "केळीच्या मळ्यात काम हाये म्हनते."

"कदी येशील?"

"पानी पडलं का येतो ना. अथी माहं घर हाये."

ती नेहमीसारखी बोलत नव्हती. काठावर बसून पायानं वाळू उकरत राहिली. उठताना एवढंच म्हणाली, "कोनी डोहात अंबाडी टाकू नये, पाह्यजो. माह्या सासूवर ध्यान ठेवजो." आम्ही दोघी हसलो. मी सडकेपर्यंत तिच्यासोबत गेले. तिचा नवरा पोरगं आणि गाठोडी घेऊन पुढं थांबला होता. तिनं माझा हात धरला, सोडला, आणि ती गेली.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. नाला वाहिला. तिच्यासोबत खानदेशात गेलेले लोक परत आले, ती आली नाही. तिच्या नवऱ्याला तिकडे बारमाही काम लागलं होतं. आम्ही नाल्यावर जमायचो. ओघळीत दगड रचताना वरच्या वाटेनं कोणी येताना दिसलं, की माझा हात थांबायचा.

काही वर्षांनी माझ्या नवऱ्याला वाशीमला कचेरीत शिपायाची नोकरी लागली आणि आम्ही तिकडे राहायला गेलो. दारात नळ होता. वस्तीतून कोणी बाजाराला, कोर्टाला आलं की मी आधी तिचं विचारायची, मग घरचं.

एकदा सासू आली. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाली, "तुही वरची येऊन गेली."

"कवा?"

"पुतणीच्या लग्नाले आली होती. तुले पाहाले घरी आली. मी म्हटलं, ते तं वाशीमले राह्यते. मंग डोहावर गेली. लय वेळ बसली पान्यात पाय सोडून."

"काही बोलली?"

"नाई बाई. पह्यले तं तिचं तोंड बंद होत नव्हतं."

ती अजून असेल म्हणून मी दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं निघाले. किन्हीराजाला उतरून पायी गेले, घरी न थांबता सरळ वरच्या वस्तीत. तिच्या जावेनं मला ओट्यावर बसवलं, कपबशीत चहा दिला. म्हणाली, ती कालच परत गेली. आता तिकडच्यासारखंच बोलते, इकडचं बोलणं विसरली. मी चहा पिता पिता तिला खानदेशी बोलताना मनात आणून पाहिलं. जमलं नाही.

"काही निरोप देता का?" जावेनं विचारलं. "तिकडे जानारं कोनी ना कोनी सापडते."



"डोहात पानी हाये म्हना," मी म्हटलं.

ते तर ती स्वतःच पाहून गेली होती. पण मला दुसरं काही सुचलं नाही. कप धुऊन ठेवला आणि उतरायला लागले. दुपारची गाडी धरायची होती.