सात अन् आठच्या मधी

नवऱ्याचं नाव घेऊ न्हाई म्हणतेत, पण ही गोष्टच त्यांची हाय, तव्हा एकदा घेते. आश्रुबा. केजला एसटी स्टँडाच्या मागं मीटरवाले आश्रुबा कुठं म्हणून इचारा, शेंबडं पोरगं बी दुकानापर्यंत आणून सोडंल. आता ह्याच्या पुढं मी 'ह्ये'च म्हणणार, सांगून ठिवते.

ह्येंचे आई-बाप ऊस तोडायचे. दिवाळी झाली की बिऱ्हाड ट्रकमधी, अन् माघारी यायचे ते उन्हाळ्याच्या तोंडाला. ह्येंच्या हातात मातूर कोयता कधी बसला न्हाई. बोटं बारीक, लांबसडक. सासरे म्हणायचे, "ह्या बोटांनी ऊस तर सोड, शेवया बी तुटायच्या न्हाईत." मंग बीडला एका उस्तादाकडं ठिवलं. उस्ताद घड्याळं दुरुस्त करायचे अन् गाडी किती चालली ते दावणारे मीटर बी. तिथं ह्येंनी कसब उचललं. लग्नात बाया मला म्हणल्या, मिस्तरी हाय, हात कायम काळे असतेत बघ. बघते तर ह्येंचे हात माझ्यापरीस गोरे. मला लई राग आलता.

एके काळी सवारीच्या जीपा, टेम्पो, ट्रॅक्टर, कुणाचंबी मीटर अडलं की आमच्या दारात. आता नव्या गाड्यांना मीटर म्हणजे काचंवर उजेडाचे आकडे. त्यात उघडायला काय हाय? उरले दोनच गिऱ्हाईक. एक जुन्या गाड्यांचे शौकीन, अन् दुसरे गाड्या इकणारे दलाल. हे दलाल आले की म्हणायचे, "डॉक्टर, हिचं जरा वय कमी करा." ह्ये लगेच मीटर खोलायचे. आकड्यांच्या बारक्या चकत्या आसावरनं काढायच्या, राकेलच्या वाटीत टाकायच्या, पुसायच्या, अन् बसवताना सगळे शून्य एका रांगेत लावायचे. मंग दलाल म्हणंल तेवढंच पुढं फिरवायचं.

मी भांडायची. "आवं, ही लबाडी हाय. देव बघतोय."

"इकणारा लबाड, घेणारा येडा," ह्ये म्हणायचे. "मधी माझं काय गं?"

माझं तोंड चालायचं अन् ह्येंचे हात. अशी कितीक वर्सं गेली. पुढं पुढं तर आधी आकडा काय व्हता हे ह्ये बघत बी नव्हते. मीटर खोललं की धुवायचं अन् शून्य लावायचं, हातांना दुसरं काय ठावच राहिलं न्हाई.

गेल्या हिवाळ्यात एक जुनी पांढरी गाडी दारात येऊन थांबली. पूर्वी पुढाऱ्यांच्या दारात असायची ना, फुगीर, तसली. दिंद्रुडकडच्या मोहनरावांची. मोहनराव वारून साल व्हत आलतं. गाडी त्यांच्या नातवानं, विजयसिंहानं आणलती, अन् पुढच्या सीटवर केशरकाकू बसल्या व्हत्या, मोहनरावांच्या मालकीण. म्हातारपण झालेलं, तरी उतरताना कुणाचा हात धरला न्हाई. मी चटई टाकली, तर म्हणल्या, "बसायला न्हाई आले. आश्रुबा, आधी इकडं ये, हे बघ."

आमी दोघंबी वाकून बघितलं. काट्याच्या खाली आकड्यांची रांग, अन् शेवटचा आकडा मधीच अडकलेला. निम्मा सात, निम्मा आठ.

"मालकानं जन्मभर ह्या गाडीत गाव फिरवलं," काकू म्हणल्या, "बायकोला न्हाई फिरवलं. मीटिंगा, निवडणुका, कुणाचं दवाखान्याचं, कुणाचं कोर्टाचं. गाडीत मला जागाच नव्हती. म्हातारपणी पुढारपण सुटलं अन् मंग त्यांना मी दिसले. दर एकादशीला नारायणगडाला दर्शनाला न्यायचे. दोघंच जायचो. शेवटच्या खेपेला येताना हे असं अडकलं. म्हणले, केजच्या आश्रुबाला दावू, तो जिथल्या तिथून चालू करंल. त्याच आठवड्यात दुखणं आलं, अन् गेले."

मी पदर डोळ्याला लावला. ह्येंचे बी डोळे भरलते.

"माझं फिरणं तेवढंच हाय बाबा, सगळं ह्या आकड्यात हाय. तो हलू देऊ नको. फकस्त पुढं चालू कर. हा आठ पुरता वर आलेला मला माझ्या डोळ्यानं बघू दे. आमची ती खेप घरी पोचली म्हणीन. दुसरं मला काय नको."

"बिनघोर राहा काकू," ह्ये म्हणले. "आकडा हलला तर नाव बदलीन."

गाडी आमच्या दारात ठिवून ते सवारीच्या जीपनं गेले. उद्या सकाळी येतो म्हणले.

ह्येंनी मीटर काढून मांडीवर घेतलं. आतलं ग्रीस वाळून डिंक झालतं, चकत्या एकीला एक चिकटल्या व्हत्या. मी चुलीपाशी, अन् ह्ये तिकडून बोलतेत, "मंगल, म्हातारीनं जीवाला चटका लावला बघ. जन्मभर नवऱ्याच्या गाडीत बसली न्हाई. आपुन तरी कुठं गेलोत गं दोघं? पुढच्या एकादशीला गडाला जाऊ." मला बरं वाटलं. माणूस असं कधी बोलत न्हाई. त्यांचं सगळं ध्यान काकूकडं लागलतं, अन् हात आपले चाललते.

दुपारी भाकर घेऊन गेले. ह्येंनी मीटर माझ्यापुढं धरलं, बोटानं दात्याचं चाक फिरवलं. "बघ, कसं लोण्यावाणी फिरतंय."

मी बघितलं. सगळे शून्य.

"आवं, आकडा कुठंय?"

आधी माझ्याकडं बघितलं, मंग मीटरकडं, मंग राकेलच्या वाटीकडं.

"आग लागो त्या हातांना!" मी वरडले. "काकू एवढं जीव तोडून सांगून गेल्या, अन् तुमी त्यांना बी दलालाच्या रांगेत बसवलं?" असं बोलायला नको व्हतं. पण राग आला की माझी जीभ ताब्यात राहत न्हाई. ह्ये वाटीतल्या राकेलात बोट फिरवीत व्हते, जणू आकडा तळाला सापडंल.

मंग दोघं आठवत बसलो. शेवटी सात-आठ, तेवढं पक्कं. पहिला आठ व्हता का तीन, घासलेला व्हता. मधलं काईच न्हाई. ह्येंनी विजयसिंहाला फोन लावला, आडून आडून इचारलं. तो म्हणला, "मीटरचा आकडा कोण बघतंय काका? आजोबाच बघायचे."

"खरं सांगून टाका," मी म्हणलं. "पाय धरा. रडतील, शिव्या देतील, देऊ द्या."

"सांगतो. पण शून्य बघून म्हातारी जागेवर बसंल गं. आधी काहीतरी लावून ठिवतो, मंग बसवून सांगतो."

अन् बोटाला आला तो आकडा लावला. शेवटची चकती मातूर लई जपून, निम्मा सात, निम्मा आठ. ते तेवढं अगदी जसंच्या तसं जमलं.

सकाळी काकू आल्या ते नवं लुगडं नेसून, नारळ घेऊन. गाडीत पुढं बसल्या, मीटरच्या काचंवर हात ठिवला अन् निम्मा सात बघून हसल्या. "तसंच ठिवलंस रे. आश्रुबा, तू बी बस. मंगल, तू बी. तुमच्या हातानं झालंय."

"काकू, एक बोलायचं व्हतं," ह्ये म्हणले.

"येताना बोल बाबा. आता मला बघू दे."

विजयसिंहानं गाडी बीडच्या रस्त्याला काढली. आमी दोघं मागं. ह्येंनी माझा हात इतका दाबून धरलता की बांगडी रुतली. चकती हळूहळू सरकली. सात गेला, आठ पुरता वर आला. काकूंनी कपाळ काचंला टेकवलं. "आले," म्हणल्या. "मालक घरी आले."

ह्ये पुढं वाकले, आता सांगणार, मला कळलं. तेवढ्यात काकूच वळल्या.

"मला सुटे आकडे कळतेत, पुरा वाचता येत न्हाई. मालक दर खेपंला दारात गाडी लावली की मोठ्यानं वाचायचे. केशर, एवढं फिरलो बघ, म्हणायचे. मी ऐकायची अन् सोडून द्यायची. पाठ करावा असं एकदा बी सुचलं न्हाई मला. वाटायचं, उद्या हायतच की वाचायला." त्यांनी मीटरवर बोट ठिवलं. "आश्रुबा, तू वाच."

मला वाटलं आता तरी सांगतेत. मला तरी कुठं बोलता आलं? त्या तोंडाकडं बघून कुणाला बोलता आलं असतं?

"एक्याऐंशी हजार," ह्ये म्हणले, "चारशे अडतीस."

"आणिक एकदा."

ह्येंनी वाचलं. काकू ओठांनी मागं मागं म्हणत व्हत्या. पाठ होईस्तोवर त्यांनी ह्येंच्याकडून वाचून घेतलं. मंग उतरताना नारळ ह्येंच्या हातात दिला अन् म्हणल्या, "लोक म्हणतेत मीटरवाले लबाड असतेत. मालक म्हणायचे, आश्रुबा तसला न्हाई."

तव्हापासून ह्येंनी दलालाचं काम घेतलं न्हाई. डोळ्याला दिसत न्हाई म्हणून सांगतेत. धंदा बसला, त्याचं काय न्हाई, भाकरीपुरतं निघतं. पण माणूस बसला, त्याचं काय करू? दर एकादशीला म्हणतेत, आज दिंद्रुडला जातो अन् सांगून येतो. टोपी घालतेत, स्टँडापर्यंत जातेत, माघारी येतेत. मी आधी भांडायची. आता भांडत बी न्हाई.

परवा त्याच गावचा भागवत ट्रॅक्टरचं मीटर घेऊन आला. ह्येंनी मीटर हातात घ्यायच्या आधी इचारलं, "केशरकाकू बऱ्या हायत का?"

"बऱ्या? लई खूश हाय म्हातारी," भागवत म्हणला. "सकाळी पोरं शाळेला निघाली की दारात उभी करती अन् मोहनरावांच्या गाडीचा आकडा वदवून घेती."

"कावून?" मी इचारलं.

"म्हणती, माझ्या ध्यानात आता काय राहत न्हाई. मी गेल्यावर आमचं दोघांचं फिरणं कुणाला तरी ठाव पाहिजे. आता तर सगळ्या गल्लीला पाठ झालाय. एक्याऐंशी हजार चारशे अडतीस," तो हसत म्हणला. "बघा, मला बी येतो."