सासऱ्यांच्या मोटारीची थरथर

मोटारीच्या पोटातलं दुखणं आमच्या सासऱ्यांइतकं ओळखणारा माणूस उभ्या परभणी जिल्ह्यात झाला नाही, असं त्यांचं स्वतःचं मत होतं. आणि ते ऐकून घेण्यासाठीच देवानं मला त्यांचा जावई केलं असावं. येलदरीच्या धरणावरची कारकुनी संपल्यावर त्यांनी एका जुन्या जहागीरदाराची लांबलचक अमेरिकन मोटार घेतली. तिचे गिअर म्हणे आपोआप पडत. ते यंत्र कायमचं बसल्यावर सासऱ्यांनी ते काढून तिथं जीपचा, हातानं टाकायचा गिअरबॉक्स बसवला. तो निघाला आखूड. मग गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा लेथवाल्याकडून लांब करून घेतला. एवढा उपद्‌व्याप कशासाठी? तर सासूबाईंना गंगाखेडला, त्यांच्या माहेरी, स्वतःच्या मोटारीतून न्यायचं म्हणून. लग्नात तसा शब्द दिला होता म्हणे, आणि त्यालाही तीस वर्षं होऊन गेलेली.

आणीबाणीच्या आदल्या वर्षीची गोष्ट. दसऱ्यापर्यंत गाडी बरी चालत होती. दसऱ्याच्या आधी दांडा खोलला, दसऱ्याला ग्रीस भरून पुन्हा बसवला, आणि तेव्हापासून काटा पस्तिशीपुढं गेला की सबंध गाडीला हुडहुडी भरायची. सासूबाई एकदा माहेरी निघाल्या त्या वाटेवरच्या दैठण्यातच उतरल्या आणि एसटीनं परत आल्या. "थरथर थांबल्याबिगर मी न्हाई बसायची त्याच्यात. माझी कंबर हाय, लोखंड न्हाई," असं त्यांनी अंगणातूनच जाहीर केलं.

मग तीन महिने तपासणी चालली. सासरे अनवाणी गाडी चालवत, कारण "इंजिनाची थरथर टाचेला कळते, मागची चवड्याला." माझी बायको मांडीवर भरलेला तांब्या धरून पाण्यावरचे तरंग बघे, आणि मी मागं पालथा पडून पत्र्याला कान लावी.

"जावईबापू, कसा आवाज यायलाय?"

"गुर्र असा."

"गुर्र का घुर्र? नीट सांगा की! तुमच्या सांगण्यावर सगळं हाय!"

चाळिशीला नेऊन ते क्लच दाबत, न्यूट्रल करत, मग भर रस्त्यात इंजिनच बंद करत. थरथर तशीच. "म्हंजे इंजिन सुटलं, क्लच सुटला, गिअरबॉक्स सुटला. दोष मागं हाय!" हे अगदी बरोबर होतं. पण मागं नेमका कुठं? चाकं बदलून झाली, बेअरिंगं बदलून झाली, लेथवाल्याशी बोलणं बंद झालं.

संक्रांतीच्या आधी एके सकाळी आम्ही दोघं गाडीखाली पडलो होतो. दांडा दोन तुकड्यांचा, एकात एक सरकणारा. दोन्ही टोकांचे सांधे एका ओळीत आले नाहीत तर गाडी कापते, म्हणून खोलण्यापूर्वी सासरे दोन्ही तुकड्यांवर गेरूची खूण करत आणि बसवताना खुणेला खूण मिळवत. आताही खुणा समोरासमोरच होत्या. त्यांनी एकीवरचं ग्रीस बोटानं पुसलं. लालाखाली पिवळं निघालं. ती हळद होती! खंडेनवमीला सासूबाईंनी हत्यारांबरोबर दांडाही राखेनं घासला होता, गेरू धुऊन काढला होता आणि दोन्ही तुकड्यांना आपल्या सोयीनं हळद-कुंकू लावलं होतं. सासऱ्यांनी ते कुंकू जुळवून दांडा बसवला होता.

मला हसू आवरेना. "सासूबाईंना सांगतोच आता!" म्हणून मी बाहेर सरकलो, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"गप ऱ्हावा, जावईबापू. तिनं पूजा केलती."

सांधे एका ओळीत येतील असा दांडा फिरवून बसवला. त्याच आठवड्यात आम्ही गंगाखेडला निघालो. काटा पंचेचाळिशीवर, आणि तांब्यातलं पाणी हलेना. पुढं नव्या लुगड्यात बसलेल्या सासूबाईंनी विचारलं, "काय झालतं हो गाडीला?"

"माझंच चुकलं. दांडा वाकडा बसवलता मी."

सासूबाई माहेर येईस्तोवर हसत होत्या, आणि गाडीतून उतरल्या उतरल्या भावजयांना पहिलं हेच सांगितलं. सासरे शेजारी उभे राहून मान डोलावत होते.

त्यांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. सासूबाई अजून नातवंडांना सांगतात, "लय हुशार समजायचे स्वतःला, अन् तीन म्हैने स्वतःचीच चूक घावली न्हाई त्यांना." मुलं खिदळतात. मला गप राहायला सांगितलं आहे, म्हणून मीही हसतो. पण त्या वेळी त्यांची फार आठवण येते.