गुळगुळीत पाहिजे

२०२३ साल. दिवाळी उलटली होती, भाताची झोडणी चालू होती. तेव्हापासून कोणी 'गुळगुळीत' म्हटलं की माझं डोकं फिरतं. चाळीस वर्षं गवंडीकाम केलं. या एका शब्दाचे किस्से किती साठले, सांगत बसलो तर जेवण राहील.

आम्हा चिंचणीच्या गवंड्यांत डोळे मिटून उलटा हात फिरवायचा. कुठे अडला नाही, तर गुळगुळीत. भिंतीला ते शोभतं. टायर गुळगुळीत झाला, चप्पल गुळगुळीत झाली, की माणूस फेकून देतो. पायाखालची जमीन मात्र सगळ्यांना गुळगुळीतच पाहिजे!

केळव्याला एका मुंबईवाल्याच्या बंगल्याचा उतार करत होतो. म्हणाला, "काका, एकदम गुळगुळीत."

"पाय टिकणार नाय."

"फोटोत छान दिसेल हो."

दिला करून. पहिल्याच रविवारी त्याचा फोन. बॅग वर, साहेब खाली. मी विचारलं, "फोटो काढला का?"

बोईसरच्या एका कारखान्यातला सुपरवायझर म्हणाला, "चाचा, फर्श इतना चिकना करो कि मुँह दिखे."

मी म्हटलं, "पानी गिरेगा तो मुँहही गिरेगा." त्याने दुसरा मिस्त्री आणला. आठवड्याने मलाच बोलावणं. गेलो नाही.

आणि भिकू. माझा जोडीदार. तीस वर्षं आम्ही एकाच घमेल्यातला माल लावला. त्या झोडणीच्या दिवसांत त्याच्या घरची न्हाणी करत होतो. मी जमीन खरबरीत ठेवत होतो. चार पाहुण्यांसमोर भिकू म्हणाला, "याला आता गुळगुळीत जमत नाय. हात गेला याचा."

मला राग आला. वाळू न घालता नुसतं सिमेंट घेतलं आणि जमीन काचेसारखी घोटली. पाहुण्यांनी उलटे हात फिरवले. भिकू म्हणाला, "मानला तुला."

पाचव्या दिवशी त्याची बायको, हिरावहिनी, तिथेच पडली. खुबा मोडला.  भिकूने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

होळीच्या सुमारास ती काठी घेऊन चालू लागली. मी छिन्नी-हातोडा घेऊन गेलो.

"भावजी, चांगली जमीन फोडता?"

"होय."

सगळ्या न्हाणीला टाचे मारून जमीन खरबरीत केली. वर दोन बादल्या पाणी ओतलं. वहिनीला हाताला धरून आत नेलं. तिने एक पाय ठेवला, मग दुसरा. काठी भिंतीला टेकवली.

"हात सोडा, भावजी."

सोडला.